पडद्यामागचं 'आयतु'

मी फोनवरचा एक फुकटातला ग्रुप आहे. बसवनगुडीत एका तिसऱ्या मजल्यावर आठ माणसं रेशीमकोषांच्या लिलावाचं सॉफ्टवेअर बनवतात. त्यांच्या कामाच्या निरोपांसाठी मला उघडलं. एरवी बोलतात ते, मी नुसता साठवतो. पण आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून आज मीच बोलतोय.

माझा जन्म दोन मिनिटांत उरकला. गुरुप्रसाद सरांनी मला उघडलं तेव्हा त्यांची कॉफी अजून गरम होती.

"पैसे मागतंय का?" शशिकला मॅडमनी आपल्या केबिनमधून विचारलं. कंपनी त्यांची.

"छे हो मॅडम, फुकट आहे."

"मग असू दे."

एवढंच माझं बारसं. फुकटाला एक अट होती, ती कुणी वाचली नाही. नव्वद दिवसांपेक्षा जुनं बोलणं पडद्याआड जातं. पुसलं जात नाही, माझ्या पोटातच असतं. पण पैसे भरेपर्यंत मला ते दाखवता येत नाही.

या माणसांची एक खोड मला कधी कळली नाही. हाताच्या अंतरावर बसतात आणि मला लिहून विचारतात, 'जेवायला येतोस का?' खिडकीपाशी बसणारा देवय्या विनोद लिहितो, सगळे स्क्रीनकडे बघून हसतात, त्याच्याकडे कुणी बघत नाही. नागवेणी मात्र नीट लिहिते. पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविराम. गुरुप्रसाद सरांच्या मागच्याच टेबलावर ती सहा वर्षं बसतेय.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधीच्या शुक्रवारी तिनं लिहिलं, 'सर, कोषबाजारातलं जुनं मशीन पुसून कोरं करायचंय. नोंदी काढून ठेवायच्या होत्या, त्याचं काय?'

सरांनी उत्तर दिलं, 'आयतु.'

आता कन्नडात 'आयतु' म्हणजे झालं. आणि 'बरं, बघतो' हेही आयतुच. सर दिवसातून चाळीस वेळा हा शब्द लिहितात. कधी या अर्थानं, कधी त्या. नागवेणीनं पहिला अर्थ घेतला आणि मशीन पुसलं.

चार महिने कुणाला पत्ता नव्हता. गेल्या सोमवारी बाजार समितीनं दोन वर्षांच्या नोंदी मागितल्या. कुठल्या शेतकऱ्याचे कोष किती भरले, कितीला गेले, सगळं. त्या नोंदी कुठेच नव्हत्या.

"समितीला नाव द्यावं लागेल," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आणि ज्याचं नाव जाईल त्याला इथं ठेवता येणार नाही."

"काढून ठेवल्या असं मी म्हटल्याचं मला आठवत नाही," गुरुप्रसाद सर म्हणाले. "पुसण्याआधी तिनं विचारायला नको?"

"विचारलं होतं सर. ग्रुपवर."

"मग दाखव ना."

ती मला वर सरकवत गेली. वर, अजून वर. मग माझी ती मेली पट्टी आली: 'याआधीचं पाहण्यासाठी पैसे भरा.' मी आतून नुसता तडफडत होतो. शब्द तिथंच होता, पट्टीच्या मागे.

मग माझ्यावर पैसे घालायचे की नाही, यावर तीन दिवस काथ्याकूट चालला.

"एका ओळीसाठी आठ जणांचे पैसे?" सर म्हणाले. "आणि गप्पा मारायला कुणी पैसे देतं का?"

"सर, तुम्ही दिवसातून दोनदा खाली कॉफीला जाता," देवय्या म्हणाला. "तिथं गप्पाच मारता. पैसे देता की."

"देवय्या, तोंड आवर," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलं होतं.

नागवेणी हसली नाही. "माझ्या पगारातून कापा मॅडम. पण बघा तरी."

सर खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण तिच्या या वाक्यानंतर त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, तेही मी पाहिलं.

"तिची नोकरी पणाला लागलीय आणि पैसेही तिनंच भरायचे?" मॅडम म्हणाल्या. "काही कापायचं नाही. एक महिना भरा. गुरुप्रसाद, ग्रुप तुम्ही उघडलात, तुम्हीच दाबा."

त्यांनी दाबलं. पडदा सरला.

'आयतु' वाचून जो गलका झाला तो काय सांगू! "म्हणजे झालं!" "अहो, म्हणजे बघतो!" सर म्हणाले. "मी तेव्हा डोसा खात असेन!" चौघे इकडे, तिघे तिकडे.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "खालचं वाचा."

खाली शनिवार होता. 'सर, नोंदी निघाल्या ना? मग पुसते.' आणि त्याखाली सरांचा अंगठा, वर केलेला.

सर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ लिहीत होते, खोडत होते. शेवटी एकच ओळ आली: 'नागवेणी, तप्पायतु. समितीला माझं नाव कळवतो.' तप्पायतु म्हणजे चूक झाली. त्याला दुसरा अर्थ नाही.

बाकीचे सात फोन एकदम वाजले. नागवेणीनं वाचलं. उत्तर लिहिलं नाही.

"सर," ती म्हणाली, "मी तुमच्या मागेच बसलेय."

सर उठले आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. ते इतकं हळू बोलले की मला ऐकू आलं नाही. ती रडली एवढं मात्र मला ठाऊक आहे, कारण देवय्यानं पहिल्यांदाच काही लिहिलं नाही.

मॅडमनी समितीला अजून पत्र धाडलेलं नाही. आता सरांचं काय होणार, या घोरानं सगळे कासावीस आहेत, मीही. महिना संपला की माझा विषय पुन्हा निघेल. भरा, नका भरू. पडद्याची मला सवय आहे. फक्त ज्यावर कुणाची भाकरी अवलंबून आहे, तो प्रश्न माझ्यावर सोपवू नका. मान वळवा, तोंडानं विचारा.

आज सकाळी नागवेणी उठून सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, पत्रात दोघांचं नाव घाला," ती म्हणाली. "मशीन मी पुसलं होतं."