राउटरवरचं नाव

२००३ सालची गोष्ट. समुद्रपूरच्या पतसंस्थेत राउटर भिंतीतल्या कपाटात ठेवला होता. त्यावर दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार आणि शेजारच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या. पिचकाऱ्या शाखा-व्यवस्थापक भैयाजींच्या. वर्ध्याच्या मुख्य कार्यालयाशी जोडणी आठ दिवस बंद होती. ती तपासायला मी आले, तेव्हा दोष तारेचा, असं आधीच ठरलं होतं.

"या रामाजीनं सांधे बरोबर केले नाई," भैयाजी म्हणाले. "अध्यक्षसाहेब म्हणे, रिपोर्ट आला का काढाचं याले. मॅडम, तुमी फक्त लिहून द्या."

कंत्राटी लाइनमन रामाजी दाराशी उभा होता. आठ दिवसांत त्याने नाल्यापर्यंतचा एकेक सांधा उघडून पुन्हा बांधला होता. नखांत माती होती.

मी लॅपटॉप जोडला. तार ठीक होती. सिग्नल दोन्हीकडे पोचत होता. अडलं होतं पुढे. अशा जोडणीत राउटर आधी आपलं नाव सांगतो. समोरच्याच्या यादीत ते नाव आणि पासवर्ड सापडला, तरच पुढचं बोलणं होतं. वर्ध्याच्या यादीत 'समुद्रपूर' होतं. इथला राउटर स्वतःला 'दादासाहेब' म्हणवत होता.

"हे नाव कोणी टाकलं?"

"दसऱ्याच्या पूजेले अध्यक्षसाहेब आलते," भैयाजी हसत म्हणाले. "स्क्रीन पाहून म्हणे, माहं नाव काऊन नाई? बसस्टँडच्या बाकड्यावर हाय, स्मशानाच्या शेडवर हाय. मंग कॉम्प्युटरवाल्या निकेशनं टाकून देलं. तवा लाइन चालूच होती. दुसऱ्या दिवशी लाइट गेली अन् बंद पडली."

बरोबरच होतं. सुरू असलेली जोडणी पुन्हा नाव विचारत नाही; वीज जाऊन आल्यावर विचारते.

खर्र्याचा वास सकाळपासून सोसला होता. मी उठून खिडकी उघडली.

"नाव राहू द्या ना," भैयाजी हळू आवाजात म्हणाले. "वर्ध्याकडच्या यादीत बदलवा. अन् रिपोर्टात तारच लिहा."

"मले वाटलं, माह्याच हातात खोट हाय," रामाजी दारातूनच म्हणाला.

मी नाव पुन्हा 'समुद्रपूर' केलं. काही सेकंदांत वर्धा दिसू लागलं. मग अहवाल लिहिला: तार निर्दोष, अध्यक्षांच्या सांगण्यावरून राउटरचं नाव बदललं, म्हणून वर्ध्याच्या राउटरने ओळख नाकारली. तो तिथूनच वर्ध्याला फॅक्स केला आणि एक प्रत रामाजीपुढे धरली. भैयाजी कपाटाकडे वळून कोपऱ्यात थुंकले.

रामाजीने हात पँटला पुसून कागद घेतला.

"यात माहं नाव हाय का, मॅडम?"

"नाही."

"मंग बेस हाय," तो म्हणाला आणि घडी करून खिशात ठेवली.