शून्य, उणे तीन

"उत्तर बरोबर आहे, मॅडम," बदरीनाथ सर म्हणाले. "मी गुण दिला होता. तुमच्या ऑफिसनं तो खोडला."

मुख्याध्यापिका सीतालक्ष्मींनी नववीतल्या शिवकामीचा पेपर पुढे ओढला. (०, −३) हा बिंदू कोणत्या अक्षावर आहे? शिवकामीनं लिहिलं होतं, वाय-अक्षावर. संस्थेकडून आलेल्या उत्तरसूचीत एक्स-अक्ष असं छापलं होतं.

"सूची चेन्नईहून येते, सर. आपल्या बाराही शाळांना एकच."

"मग बाराही शाळांत चूक आहे!"

सरांनी खिशातून खडू काढला आणि ऑफिसच्या फरशीवरच दोन रेघा मारल्या. "हा आरंभबिंदू. आडवं शून्य पावलं, म्हणजे चालायचंच नाही. आता खाली तीन." छप्पन्न वर्षांचा माणूस तीन पावलं मागे सरकत गेला. "सांगा, मी कोणत्या रेघेवर उभा आहे?"

दारातला कारकून हसला. सीतालक्ष्मी हसल्या नाहीत.

"मला कळतं हो. पण निवडीची यादी वर संस्थेकडे गेलीय. आता एकाचा गुण वाढवला, तर बारा शाळांचे पालक दारात येतील."

सरांचं डोकं तापलं ते यानं. बाईंना समजलं नसतं, तर सरांनी शंभरदा समजावलं असतं. कुंभकोणमात एकोणतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण बाईंना समजलं होतं. संस्थेच्या खास गणितवर्गासाठी प्रत्येक शाळेतून एकच मूल निवडलं जाई, बारावीपर्यंत शिकवणी फुकट. शिवकामी त्या एका गुणानं मागे पडली होती.

गुणपत्रकावर सही न करता सर घरी आले.

"सही घालून टाकायची होती की," त्यांची बायको अंबुजा घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "तुमच्या नोकरीची अणखी दोनच वर्षं आहेत."

"खोट्यावर कसां घालू?"

तिनं ताट मांडलं. मग म्हणाली, "नका घालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकामीची आई, त्रिपुरसुंदरी, शाळेच्या फाटकाशी उभी होती. पट्टीश्वरमच्या देवळापुढे ती फुलं विकायची. बोटांना अजून ओला दोरा चिकटलेला होता.

"सर, त्या खास वर्गात घेतलं नाही तर नाही. पण पोर रोज रात्री पाटीवर लिहिते आणि पुसते. म्हणते, मीच चुकले असेन, छापलेलं कसं चुकेल? मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच तिला सांगा."

सरांनी तासाला शिवकामीला उभं केलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"वर बघ. तुझं उत्तर बरोबर आहे. छापलेलं चूक आहे. उद्या कुणीही विचारलं, परीक्षेत विचारलं, तरी हेच लिहायचं." आणि मग सगळ्या वर्गाला, आवाज चढवून, "तुम्हीसुद्धा!"

सीतालक्ष्मी व्हरांड्यातून ऐकत होत्या. त्या आत आल्या नाहीत.

सोमवारी नोटीस लागली. नववीचं गणित दुसऱ्या शिक्षकाकडे गेलं, बदरीनाथ सर पहिलीला. गुणपत्रकावर सही कुणी केली, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सहामाहीत तोच प्रश्न पुन्हा आला. शिवकामीनं वाय-अक्षच लिहिलं, आणि तिच्या मागच्या बाकावरच्या चौघींनीही. पाचही जणींचा गुण गेला.

पहिलीच्या वर्गात बाकं सरांच्या गुडघ्याएवढी होती. खुर्ची होती, पण तिच्यावर बसलं की मुलं फार खाली दिसत. सरांनी चप्पल दाराशी काढली, पँट सावरली आणि ते मुलांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले.