शुक्रवारच्या शेडमधला रंधा

मी रंधा. आखातातल्या वादी कबीरमध्ये फर्निचरच्या एका कारखान्यामागे पत्र्याचं शेड आहे, त्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. माझं अंग लाकडाचं, पातं लोखंडाचं, आणि दोघांना धरून ठेवणारी एक पाचर. एवढाच माझा संसार. ऐकायला वेळ असेल तर थोडं थांबा. माझी गोष्ट गोड नाही, पण ती सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणी तयार नाही.

माझा जन्म इथून लांबच्या इब्रा गावचा. कुडाळकडचा भिकाजी सुतार तिथे एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, वर्कशॉपमध्ये दारं बनवायचा. अर्बाबच्या अंगणातलं सिदरचं झाड वादळात पडलं. सिदर म्हणजे आपल्या बोरीची इकडची बहीण, तशीच काटेरी आणि तशीच चिवट. बाकीचं झाड बकऱ्यांच्या कुंपणाला गेलं. एक तुकडा भिकाजीने मागून घेतला आणि त्यातून मला घडवलं. त्याच्या तळहाताला बसेल असा खळगा त्याने माझ्या पाठीवर कोरला. त्या हातात मी इब्रातल्या कितीतरी घरांच्या दारांवरून फिरलो.

मग बाहेरून तयार दारं यायला लागली. अर्बाबने एक दिवस हात झटकून ‘खलास’ म्हटलं आणि भिकाजीचं तिकीट काढलं. त्याला विमानतळावर सोडायला त्याच्या गावचा दयानंद आला होता. बॅगेचं वजन जास्त भरलं. मी की मुलीसाठी घेतलेली खेळणी, असा प्रश्न आला, तेव्हा भिकाजीने खेळणी ठेवली. मला दयानंदच्या हातात देताना तो फक्त म्हणाला, “पातं गंजू देऊ नकोस.” मला राग आला नाही. बापाने दुसरं काय करायचं?

दयानंद एका मोठ्या दुकानात सुपरवायझर. स्वभावाने मऊ, वाद टाळणारा. बरेच दिवस मी त्याच्या गाडीच्या डिकीत पडून होतो. मग सतीशने हे शेड सुरू केलं आणि दयानंदने मला इथे आणून टांगलं.

सतीश अल् खुवैर भागातल्या एका कंपनीत इंजिनियर. त्याची कल्पना अशी की आपल्या पुरुषांना इथे ऑफिस, मॉल आणि मोबाइल सोडून काही नसतं. शुक्रवारी सकाळी एकत्र जमावं, हाताने काहीतरी करावं, मोडकं दुरुस्त करावं, चार गप्पा माराव्यात. कारखान्याच्या मालकाने ही मागची जागा दिली. कोणी करवत आणली, कोणी ड्रिल, कोणी चहाचा थर्मास. गणपतीचं मखर इथेच व्हायला लागलं. मुलांच्या मोडक्या सायकली, कोणाच्या टेबलाचा पाय, आपल्या मराठी मंडळाचं स्टेज, सगळं इथे. बायका हसून म्हणायच्या, नवऱ्यांचं पाळणाघर झालं एकदाचं.

मला ते दिवस आवडायचे. घरी एका शब्दात उत्तर देणारी माणसं इथे लाकडाला पॉलिशपेपर घासता घासता भरभरून बोलायची. एकाची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा तो हे पहिल्यांदा बोलला ते माझ्याखाली, या टेबलाशी.

भानुदास इथे आले ते मखराच्या वेळी. साठीला टेकलेले, शिडशिडीत, शर्टाच्या खिशाला कायम पेन्सिल. इमारतींचे नकाशे तपासण्याचं त्यांचं काम. रेषा किंचित तिरकी असली की त्यांना लांबून कळायची आणि कळलं की त्यांना बोलल्याशिवाय राहवायचं नाही. मनात काही नसायचं, पण जिभेला पाचर नव्हती.

मखराची कमान जितेशने केली होती. जितेश एसीच्या कंपनीत, शेडमधला सगळ्यात हजरजबाबी माणूस. नकला कराव्यात तर त्यानेच. मखर उभं राहिलं, बायका-मुलं बघायला आली, फोटो निघायला लागले. भानुदासांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, “जितेश, डावी बाजू खाली आहे रे. बोटभर तरी.” मोजलं. होती. जितेशची बायको हसली, त्याची मुलगी इंग्रजीत काहीतरी बोलली आणि बाकीची मुलं खिदळली. जितेशही हसला. मी मात्र त्याचा चेहरा जवळून पाहत होतो.

त्यानंतर भानुदासांनी स्वतःचं काम काढलं. त्यांच्या पत्नीला, सुलोचनावहिनींना, गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं. देवापुढे बसता येईल आणि हात न टेकता उठता येईल, अशा उंचीचं स्टूल त्यांना करायचं होतं. वहिनींच्या गुडघ्याचं माप त्यांनी सुतळीला गाठ मारून आणलं होतं. त्यांनी मला खाली काढलं, पात्याला धार लावली आणि फळी साफ केली. भिकाजीनंतर इतक्या प्रेमाने मला कोणी धरलं नव्हतं.

स्टूल उभं राहिलं. चारही पाय टेबलावर नीट टेकले. भानुदासांनी चारी बाजूंनी दाबून पाहिलं आणि खूश होऊन घरी गेले. पॉलिश पुढच्या शुक्रवारी करायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी जितेश लवकर आला. सतीश कुलूप उघडत होता, दयानंद थर्मास घेऊन मागे होता. जितेशने स्टूल उलटं केलं, मला खिळ्यावरून काढलं आणि एका पायाच्या टोकावर दोन हात मारले. कांद्याच्या पापुद्र्याएवढं लाकूड खाली पडलं. “बघू त्यांचा डोळा काय म्हणतो,” तो म्हणाला. सतीश हसला. दयानंदने चहा ओतला.

भानुदास आले. स्टूल डुगडुगलं. ते चपापले. टेबल तपासलं, जमीन तपासली. मग स्वतःशीच पुटपुटत बाकीचे तीन पाय मला घेऊन तेवढेच उतरवले. त्यांच्या पाठीमागे जितेश त्यांच्यासारखी मान वाकडी करून दाखवत होता आणि बाकीचे हसू दाबत होते. एका दिवसाची गंमत म्हणून ती तिथे थांबली असती, तर मी आज तुम्हाला काही सांगितलं नसतं.

ती थांबली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुसरा पाय, मग पुन्हा पहिला. शेडमध्ये माणसं वाढली. जे महिनोन्महिने फिरकत नव्हते, तेही वेळेवर यायला लागले. सायकली तशाच पडून राहिल्या. सगळे आपापल्या कामात असल्यासारखे उभे राहायचे आणि भानुदास स्टुलाला हात लावायची वाट पाहायचे. कोणी विचारायचं, काय दादा, अजून होतंय का? ते ओशाळून म्हणायचे, होईल, होईल. माझ्या पाठीवरचा खळगा त्यांच्या घामाने ओला व्हायचा. स्टूल आखूड होत गेलं. एकदा त्यांनी खिशातून ती सुतळी काढून लावून पाहिली. गाठ फळीच्या वर गेली होती. त्यांनी ती घाईने पुन्हा खिशात घातली.

हळूहळू ते बोलायचे थांबले. कोणाचं वाकडं असलं तरी ते सांगेनासे झाले. मखराच्या वेळचा तो माणूस उरला नाही. जितेशला एवढंच हवं होतं, ते त्याला मिळालं होतं. पण तेव्हाही त्याचा हात थांबला नाही.

एका शुक्रवारी बाकीचे बाहेर चहा घेत होते आणि भानुदास दयानंदशी एकटे बोलले. त्यांच्या वडिलांना उतारवयात विसर पडायचा. सुरुवात अशीच झाली होती. एक केलेलं काम त्यांना दुसऱ्या दिवशी चुकलेलं दिसायचं. शेवटी ते मुलांनाही ओळखत नव्हते. “हे मी सुलोचनाला सांगितलेलं नाही,” भानुदास म्हणाले. “गाडी चालवणं बंद केलंय. तिला सांगितलं, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून. ऑफिसमध्ये एकेक नकाशा पुन्हा पुन्हा तपासतो, तरी सही करायला हात धजावत नाही.”

दयानंदच्या हातात तेव्हा मी होतो. त्याची बोटं माझ्यावर आवळली. तो म्हणाला, “तसं काही नसेल, दादा.” तेवढंच.

ते गेल्यावर त्याने बाकीच्यांना सगळं सांगितलं. जितेशने नजर खाली घातली. दयानंदचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जाऊ, पाया पडू, सांगून टाकू. सतीश विचार करून म्हणाला की आता सांगितलं तर ते जन्मात आपलं तोंड पाहणार नाहीत, मंडळात बोभाटा होईल आणि शेड बंद पडेल. त्यापेक्षा आजपासून बंद करू. आपोआप ठीक होईल. सगळ्यांना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

त्या दिवसापासून मला कोणी स्टुलाला लावलं नाही. उलट सगळे भानुदासांशी फार चांगलं वागायला लागले. जितेश त्यांना घरून गाडीने आणायचा, उतरताना दार उघडून द्यायचा. सतीशने त्यांना स्वतः हॉस्पिटलात नेलं, तपासण्या करवल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. भानुदास म्हणाले, बाबांचंही सुरुवातीला काही सापडलं नव्हतं.

आणि मग तो शुक्रवार आला. आखूड झालेलं स्टूल टेबलावर ठेवलेलं होतं. भानुदासांनी ते चारी बाजूंनी दाबलं. ते हललं नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी सतीशला जवळ बोलावलं.

“खरं सांग, सतीश. हे डुगडुगतंय का?”

“नाही हो दादा. अगदी सरळ आहे.”

भानुदासांनी त्याच्याकडे पाहिलं, मग जितेशकडे, मग इतर माणसांकडे. त्यांचे डोळे भरून आले. “वाकडं असलं तरी सरळ म्हणता. तुम्ही मला सांभाळून घेताय,” ते म्हणाले. “कळतं मला. कोण करतं रे एवढं परक्या मुलखात?”

सतीशचं तोंड उघडलं होतं. तो बोलेल असं मला वाटलं. त्याने भानुदासांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला.

त्या महिन्यात भानुदासांनी नोकरी सोडली. कंपनीने थांबा म्हटलं होतं, पण आपल्या चुकीने उद्या एखादी इमारत उभी राहताना कोणाचा जीव जाईल, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. नाशिकला परत जायचं ठरलं. शेडमध्ये निरोप झाला. सतीशने मला तेल लावून, लाल फीत बांधून त्यांच्यापुढे धरलं. भानुदासांनी हात मागे घेतले. “नको. माझ्या हातात आता हत्यार शोभत नाही.”

सुलोचनावहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच शेडमध्ये आल्या होत्या. डबा भरून बेसनाचे लाडू आणले होते. त्यांनी एकेकाच्या हातावर लाडू ठेवला आणि सगळ्यांचे आभार मानले. तुम्ही होता म्हणून एवढे तरी दिवस निभावले, असं काहीसं म्हणाल्या. जितेशने लाडू खाल्ला. तो कसा गिळला, ते मी पाहिलं.

भानुदास गाडीकडे गेले. वहिनी रिकामा डबा घ्यायला मागे आल्या तेव्हा दयानंद एकटाच होता. त्याने सांगितलं. पहिल्या पापुद्र्यापासून सगळं. बोलताना त्याने मला टेबलावरून उचलून दाखवलं, ‘याने’ म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आत्ता त्या ओरडतील, मला भिरकावतील, दयानंदच्या थोबाडीत देतील, असं मला वाटलं. मला ते हवं होतं.

“त्यांना सांगू नका,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, पण ते आजारी नाहीत.”

“आजार आहे असं समजून ते जगतील, वडिलांचं पाहिलंय त्यांनी. पण तुम्ही सगळे इतके दिवस हसत होता, हे कळलं तर नाही जगणार. या परक्या मुलखात त्यांना तुमच्याशिवाय मित्र नव्हते.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या निघून गेल्या.

दयानंद त्यानंतर शेडमध्ये आला नाही. मीही खिळ्यावरून उतरलो नाही. विजेवर चालणारा रंधा आलाय, त्याचा आवाज एवढा की माणसांना बोलावं लागत नाही. माझ्या पात्याला गंज चढलाय. मला त्याचं काही वाटत नाही.

वाटतं ते एवढ्याच गोष्टीचं. दर शुक्रवारी, चहाच्या वेळी, नाशिकहून भानुदासांचा व्हिडिओ कॉल येतो. सतीश फोन उभा करून ठेवतो. सगळे गोळा होतात, हात हलवतात. काय करताय सध्या, भानुदास विचारतात, आणि एकेकाचं नाव बरोबर घेतात. मग आज एवढं आठवलं म्हणून स्वतःच खूश होतात.

त्यांच्या मागे सुलोचनावहिनी बसलेल्या असतात. त्या फोनमधून एकेकाकडे बघत राहतात. आणि इकडे ही मोठमोठी माणसं, इंजिनियर, मॅनेजर, चहाच्या कपात बघत उभी राहतात, कॉल संपेपर्यंत.

माझं मागणं फार नाही. कोणावर हसायचंच असेल तर त्याच्या तोंडावर हसा. तो चिडेल, भांडेल, कदाचित पुन्हा येणार नाही. पण जाताना आपले डोळे तरी आपले म्हणून घेऊन जाईल.

थांबतो. फोन वाजतोय.