नाव घ्यायचं नाही

यंत्राचं नाव बायकांनीच ठेवलं होतं: दाई. गरोदर बाईनं फोन लावायचा, आपल्या हौसा भाषेत काय होतंय ते सांगायचं, आणि दाईनं ऐकून सांगायचं, घरी पडून राहा की आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. कानो शहरातल्या सहा जणींनी तिला ऐकायला-बोलायला शिकवलं होतं, आणि त्या सहा जणींना शिकवलं हज्जिया गाम्बोनं. म्हातारी गणिताची मास्तरीण. निवृत्त होऊन गप्प बसेल तर ती हज्जिया कसली. स्वतःच्या पडवीत संगणक मांडले आणि गल्लीतल्या पोरीबाळी गोळा केल्या. त्यांत तलातू सगळ्यांच्या पुढे.

आता आरोग्य खात्याला दाई राज्यभर हवी होती, आणि ती चालवायला एक प्रमुख हवा होता. त्या जागेवर तलातूचा डोळा होता. दाईच्या डोक्यात जे काही होतं त्यातलं निम्मं तिच्या हातचं, मग डोळा असू नये तर काय. पण दाई चालवणाऱ्या संस्थेचे संचालक मालम सगीर यांनी राजधानीहून, अबुजाहून, नासिर नावाचा इंजिनियर आणवला. निम्मे फोन मधेच तुटतात, असं मालमचं म्हणणं. बायका यंत्राशी धड बोलत नाहीत, तेव्हा सूत्रं जाणत्या माणसाच्या हाती हवीत. तलातूनं म्हणे पाहुण्यांचं स्वागत करावं आणि फोटोत मधोमध उभं राहावं.

तलातूचं पित्त खवळलं. पण फोन तुटत होते हे खरं होतं, आणि का तुटतात ते तिला उमगत नव्हतं.

उमगलं ते तिच्या देलू आत्याच्या चुलीपाशी. आत्या चवळीचे वडे, कोसाई, तळत होती. तिची सून असाबे, दिवस भरत आलेली, बाजूला बसली होती. तलातूनं तिच्या हाती फोन दिला. असाबे भडाभडा बोलली: पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं ठणकतं. मग दाईनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? असाबे गप्प. दाईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवून दिला.

"अगं, बोल की," तलातू म्हणाली.

असाबेनं ओढणी तोंडाशी नेली. आत्यानं झारा कढईवर आपटला. "ती कशी बोलेल? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पहिल्या पोराचं घ्यायचं नाही. तुझ्या जिभेला हाड नाही म्हणून बाकीच्यांच्याही नसेल काय? दिवसभर आपलं यूनूस, यूनूस. कोंबडीला हाका माराव्यात तसं."

खोटं नव्हतं. यूनूस, तिचा नवरा, एकेकाळी तिच्याच वर्गातला. चारदा नावानं हाक मारल्याशिवाय तो जागचा हलत नसे. आणि तो प्रश्न तिनंच दवाखान्याच्या कार्डावरून उचलून दाईच्या तोंडी घातला होता. आपल्याच घरातली रीत आपणच विसरलो, याची तिला शरम वाटली. त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की असाबेसारखीचा फोन तुटला आणि दोष असाबेच्या माथी गेला.

आधी तिनं असाबेला दवाखान्यात पोचवलं, मग बाकीच्या पाचही जणींना बोलावून घेतलं. आता दाई विचारणार होती, कुणाच्या घरातून बोलतेस? आणि बायका सांगतात तसंच समजून घेणार होती: धाकट्या लामीच्या बाबांचं घर, मशिदीमागचं, कडुलिंबाजवळचं. वरून परवानगी कुणी मागितली नाही. मागितली असती तर अजून वाटच बघत बसल्या असत्या.

आरोग्य खात्याच्या डॉक्टर मैरो आल्या त्या दिवशी सभागृह भरलं होतं. नासिरनं पडद्यावर तक्ते दाखवून सांगितलं, की बायकांना यंत्राशी बोलायचं प्रशिक्षण द्यावं लागेल.

तलातू उठली. "बायकांना नाही, यंत्राला. आणि ते आम्ही देऊन बसलोय."

तिनं सगळ्यांसमोर, दवाखान्यातून बरी होऊन आलेल्या असाबेला फोन लावायला सांगितला. आधी बाजूला जपून ठेवलेल्या जुन्या दाईला. नवऱ्याच्या नावापाशी फोन तुटला, जसा रोज तुटत होता. मग नव्या दाईला. असाबेनं घर सांगितलं, त्या दिवशीचं दुखणं सांगितलं, आणि दाईनं तिला जवळच्या दवाखान्याचं नाव दिलं. डॉक्टर मैरोंनी चष्मा काढून ठेवला.

मालम सगीरांना वारा कुठून वाहतो ते लगेच कळायचं. "आपल्या बायकांची मर्यादा ही आपली शान," ते उभे राहून म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगत आलोय, रीत मोडायची नाही." मागच्या रांगेत हज्जिया गाम्बोला मोठा खोकला आला.

डॉक्टर मैरो म्हणाल्या, मग हिलाच प्रमुख करा. करू की, मालम म्हणाले, पण गावोगाव फिरावं लागेल, लग्न झालेली बाई, घरधन्याची संमती नको का? नासिरच्या बायकोला कुणी काही विचारलं नव्हतं. मालमनी खिशातून फोन काढला.

"नवऱ्याचं नाव सांग पोरी. आत्ताच विचारून टाकतो."

यूनूस नाही म्हणाला नसता. सकाळी तिच्या कपड्यांना इस्त्री त्यानंच केली होती. एक नाव घेतलं की जागा तिची. पण मग ती जागा यूनूसच्या होकारानं मिळाली असती, आणि तिच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला कुणाचा तरी होकार आणावा लागला असता. तलातू गप्प राहिली.

"ऐकू नाही आलं?"

"आलं, मालम."

"मग बोल की."

"नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. रीत मोडू नये, तुम्हीच म्हणालात."

"अगं, सगळ्या संस्थेला माहीत आहे, तू त्याला नावानं..."

"आजपासून नाही. माझं नाव विचारा, ते घेते. तलातू मूसा. संमती माझी आहे."

डॉक्टर मैरोंनी ते नाव लिहून घेतलं. मालमनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनीच फोन ठेवून दिला.