चौकात गेलेली टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. चेक देशातल्या एका लहानशा गावात श्टेपान आजोबांनी मला वाळुंजाच्या फोकांनी विणलं आणि शेजारच्या मिलादाला लग्नात भेट दिलं. मिलादा आणि तिचा नवरा वॉयतेख शरद ऋतूत मला घेऊन जंगलात अळंबी वेचायला जात. काय सुखाचे दिवस होते ते!

मग जर्मनांचं राज्य आलं. वॉयतेख गावच्या शाळेत मास्तर होता. त्याला पकडून तुरुंगात टाकलं. अधूनमधून शिधा पाठवायची तेवढी परवानगी होती. पाव, कांदे, वाळवलेली अळंबी माझ्यातूनच टपालात जात.

जर्मन फौजा कुठे जिंकल्या की आमच्या गावाने आनंद करायचा, असा हुकूम होता. लोक तोंड वाकडं करून झेंडे लावत. एकदा पावाच्या रांगेत आजोबा हळूच म्हणाले, "एवढं जिंकतात, मग लोणी का कमी होतं हो?" सगळी रांग खाली मान घालून हसली.

एका रविवारी चौकात मोठा विजयसोहळा ठरला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण सकाळीच अख्खं गाव टोपल्या घेऊन जंगलात पसार झालं. मिलादाचाही जीव तिकडेच ओढत होता. पण कचेरीतल्या साहेबाने तिला बजावलं होतं, पहिल्या रांगेत दिसली नाहीस तर नवऱ्याचा शिधा बंद. ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. मग मला हातात अडकवून चौकात गेली.

भोंगा ओरडत होता. समोर चार कारकून आणि मिलादा. तिने टाळ्या वाजवल्या. प्रत्येक टाळीबरोबर मी तिच्या कोपरावर हलत होते. मला फार वाईट वाटलं.

घरी येताना जंगलातून परतणारी माणसं भेटली. आमच्याकडे किती अळंबी मिळाली ते बघायला वाटेत भेटलेल्याच्या टोपलीत डोकावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्या दिवशी माझ्यात कुणीही डोकावलं नाही. मिलादा मान खाली घालून चालत राहिली.

शेवटी श्टेपान आजोबा आले. थांबले, वाकले आणि माझ्यात डोकावले.

"रिकामीच की गं."

"मी टाळ्या वाजवल्या, आजोबा."

"ठाऊक आहे. कुणासाठी वाजवल्यास तेही ठाऊक आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ओढा ओलांड. वीज पडलेल्या झाडामागे शेवाळात हात घाल. उद्याच जा. वाळवून वॉयतेखला पाठव."

मित्रांनो, अळंबीची आपली जागा आमच्याकडे माणूस पोटच्या लेकालाही सांगत नाही. आजोबांनीही कधी सांगितली नव्हती. मिलादा भर रस्त्यात रडली, आणि आजोबा तिच्याशेजारी उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे.

आता माझे फोक सुटले आहेत. कुणी दोन टाके घातले तर बरं वाटेल. नाही जमलं तरी चालेल. पण कुणी मान खाली घालून एकटं घरी चाललेलं दिसलं, तर त्याच्यापाशी जरा थांबा.