घर प्रत्यक्ष पाहिले

माझ्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला, त्याला आता आठ महिने झाले. तक्रार द्यायला ठाण्यात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि जागा बघायला पाठवायला माणूस नाही म्हणून सांगितलं. बरं म्हटलं. परत येताना स्कूटरचं पेट्रोल संपलं. स्कूटर ढकलत भाट्याच्या पुलाजवळच्या नाक्यापर्यंत आलो, तर तिथे माणूस होता. हेल्मेट नाही म्हणून त्याने मला दंड केला. मी म्हटलं, "अहो, मी गाडीवर बसलोच नाही. गाडीच माझ्या जिवावर चालली आहे." तो म्हणाला, "काका, मशीनमध्ये 'ढकलत होते' असा पर्याय नाही."

त्या माणसाचं नाव हवालदार गुरुप्रसाद मांडवकर. त्या दिवसापासून मी वर्तमानपत्राला पत्रं लिहायला लागलो. पोलिसांना धड पगार द्या, रिकाम्या जागा भरा, आधी चोर धरा आणि हेल्मेटं मग मोजा. एकोणीस पत्रं लिहिली, दोन छापून आली, त्यातल्या एकाखाली नाव दुसऱ्याच कोणाचं. पस्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आहे. कुठली गोष्ट कुठे असायला हवी हे मला कळतं, आणि ती तिथे नसली की माझं डोकं फिरतं.

माझं डोकं फिरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गडगा. माझ्या आणि शेजारच्या दमयंतीवहिनींच्या आवारामध्ये नुसते चिरे रचून केलेलं कुंपण आहे. अकरा वर्षांपूर्वी ते ढासळलं आणि परत रचताना वहिनींनी ते दोन फूट माझ्या बाजूला सरकवलं. त्यांचं म्हणणं असं, की मुळात ते मीच पूर्वी दोन फूट त्यांच्या बाजूला सरकवलं होतं. मग मी ते काढून परत होतं तिथे रचलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. जे काही सांगायचं ते त्यांच्या सावनीमार्फत. तेव्हा ती बारा वर्षांची होती. "काका, आईने विचारलंन्, तुमच्याकडे कोकमं आहेत का?" "आईला सांग, आहेत, पण डबा परत पाठव म्हणावं." माझी बायको सुमेधा गेली तेव्हा पिठलंभाताचं ताट घेऊन पहिली आली ती सावनीच. सहा वर्षं झाली त्याला. घरात दुसरं माणूस नाही, तेव्हा दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं होतं ते तिच्याशीच.

सावनी नर्स झाली आणि तिला मस्कतच्या इस्पितळात नोकरी मिळाली. पासपोर्ट तेवढा व्हायचा होता. त्यासाठी पोलिसाने घरी येऊन घर बघायचं, दोन शेजाऱ्यांना विचारायचं आणि शेरा लिहून पाठवायचा. एकवीस दिवसांची मुदत. सतरा दिवस झाले तरी कोणी फिरकलं नाही. मुदत गेली की फाईल परत, आणि नोकरी दुसऱ्या कोणाला. सावनी ठाण्यात गेली तेव्हा कळलं, की फाईल मांडवकरांच्या पिशवीत आहे आणि पिशवी नाक्यावर आहे. मी तिला स्कूटरवरून नाक्यावर नेलं. दोघांनी हेल्मेट घातलं होतं.

"ताई, मला यायचं नाही असं नाही," मांडवकर शिट्टी बाजूला करून म्हणाले. "ठाण्यात चौतीस जागा मंजूर आहेत. भरलेल्या एकोणीस. त्यातले पाच बंदोबस्ताला, चार कोर्टात, तीन साहेबांकडे, दोघं आजारी, दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एक जण नुसता कागदावर आणि एक टपाल घेऊन मुंबईला. राहिलो मी."

"संध्याकाळी या ना," सावनी म्हणाली.

"आठपर्यंत इथे, मग गस्त. पेट्रोल खिशातलं. भत्ता मिळतो तो सायकलचा."

"मग बघितलं म्हणून लिहून टाका," मी म्हटलं. "दंड करताना कुठे एवढं बघता?"

त्यांचा चेहरा उतरला. "काका, ते मशीन करतं. हे मी माझ्या हाताने लिहितो. घर बघितल्याशिवाय 'घर प्रत्यक्ष पाहिले' असं मी आजवर लिहिलं नाही, लिहिणार नाही."

एकोणीस पत्रं लिहून मला प्रामाणिक पोलीस भेटला, तोही नेमका अशा वेळी. सावनीने मात्र डोळे बारीक केले. लहानपणी नकाशात नदी सापडली नाही की करायची तसे.

"घर इथे आणलं तर?"

मांडवकरांनी पिशवीतून कागद काढला, पुढून मागून वाचला. "घर पाहावे असं आहे," ते म्हणाले. "कुठे पाहावे ते दिलेलं नाही."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "काका, आईने विचारलंन्, उद्या नाक्यावर शेजारी म्हणून याल का?" खरं सांगतो, मी नाही म्हटलं असतं तर मुलगी इथेच राहिली असती. तो विचार माझ्या मनात आला आणि चांगला दहा मिनिटं राहिला, हेही सांगून टाकतो. मग मी म्हटलं, "आईला सांग, येईन. पण तिच्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या रामाच्या टेम्पोत घर भरलं. दोन लाकडी खुर्च्या, सतरंजी, शोकेस, तुळशीची कुंडी, सावनीच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. घरपट्टीचा नंबर दारावर रंगवलेला असल्यामुळे दारही बिजागऱ्यांतून काढलं. रामा म्हणाला, "वयनी, दार उचलून नेतंव, पन मागं घरात कुत्री शिरतील ना ओ!" म्हणून पलीकडच्या सोनूबाईंच्या सुनेला उंबऱ्यात बसवलं आणि दुसरा शेजारी म्हणून सोनूबाईंना टेम्पोत घेतलं.

नाक्यावर पोचल्याबरोबर मांडवकरांनी रामाला दंड केला. दार टेम्पोच्या बाहेर आलं होतं. रामा म्हणाला, "सायब, आमी तुमच्याकडंच आलाव!" मांडवकर म्हणाले, "म्हणूनच दिसलात."

पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला घर मांडलं. मी बघितलं तर दार पश्चिमेला. वहिनींचं घर पूर्वाभिमुख आहे. चुकीच्या दिशेचं घर दाखवणं म्हणजे सरकारची फसवणूक. मी सावनीला सांगितलं, सावनीने आईला सांगितलं, आणि सगळं घर फिरवलं. त्यात कडेचं घर अर्ध्या रस्त्यात आलं. रामा दार धरून उभा राहिला. मांडवकरांनी कागद हातात घेतला, दारावरचा नंबर ताडून पाहिला, आणि दारावर टकटक केली.

"या," वहिनी आतून म्हणाल्या.

तो माणूस वाकला आणि त्याने बूट काढले. मी म्हटलं, "अहो, खाली डांबर आहे." ते म्हणाले, "घर आहे ना?" पायमोजा टाचेला फाटला होता. फोटोला हात जोडून ते खुर्चीवर बसले आणि त्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा बाहेर पडला, की वहिनींनी थर्मासातला चहा आधी त्यांनाच ओतला. "आमच्या अलोऱ्याच्या क्वार्टरमध्ये अशीच शोकेस आहे," ते म्हणाले. "दीड महिना झाला, बघितली नाही." मला माझी पत्रं आठवली. त्यांत पगार होता, जागा होत्या, हा फाटका मोजा नव्हता. माझं मलाच वाईट वाटलं.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "मांडवकर, अर्धा तास एकही दंड नाही! आहात कुठे?"

"घरी आहे साहेब. पडताळणीला."

"नाका सोडलात?"

"नाही साहेब, नाक्यावरच आहे."

"अहो, मग घरी कसे?"

"घर आलंय, साहेब," मांडवकर म्हणाले. पलीकडून फोन कट झाला.

मागे राजापूरची एसटी येऊन थांबली होती. तिच्यामागे रिक्षा, दुधाची गाडी, कॉलेजची पोरं. हॉर्न वाजले, पण पोलीस खुर्चीवर बसलेला बघितल्यावर लोक उतरून आले. बसलेला पोलीस त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. एकाचे नारळ गेले होते, एकीची शेळी, कंडक्टरची तर तिकिटाची पेटीच गेलेली. सगळे चपला काढून दाराबाहेर रांगेत उभे राहिले. दाराच्या दोन्ही बाजूंना मोकळा रस्ता होता, पण बाजूने कोणीही आत शिरलं नाही. वहिनी घरी आलेल्या माणसांना नारळाची वडी देत होत्या.

"आधी हे संपवू," मांडवकर म्हणाले आणि त्यांनी कागदावरचं माझं नाव वाचलं. "शेजारी राजाभाऊ कोणत्या बाजूला राहतात?"

"दक्षिणेला," मी म्हटलं. "मध्ये गडगा आहे."

"कुठे आहे?"

ही चूक माझीच. गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. पण चतुःसीमा पुरी दाखवावी म्हणून मी रामाला टेम्पोच्या चाकाखाली लावायचे चिरे आणायला सांगितलं आणि ओळीने मांडले. वहिनी उठल्या आणि त्यांनी ते दोन फूट माझ्या खुर्चीकडे सरकवले.

"सावनी, तुझ्या आईला सांग, गडगा तिथे नाही."

"सावनी, काकांना सांग, हवा तिथेच आहे."

मी चिरे मागे सरकवले. त्यांनी पुढे. एसटीच्या प्रवाशांत दोन तट पडले. चिपळूणकडचे लोक माझ्या बाजूचे, राजापूरकडचे त्यांच्या. कोणीतरी खिशातून टेप काढली. आता दुसरी लेनही बंद झाली. सावनी मधोमध उभी होती, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत, आणि मग ती बोलायचीच थांबली.

मांडवकरांनी कागदावर बोट ठेवलं. "रकाना अकरा. अर्जदाराच्या कुटुंबाचा शेजाऱ्यांशी वाद आहे काय?"

"नाही!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"मी डोळ्यांनी बघतोय, काका. 'वाद नाही' कसं लिहू? आणि वाद आहे म्हणून लिहिलं की फाईल चौकशीला वर जाणार. चौकशीला माणूस नाही."

 हॉर्न थांबले होते. सावनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती. अकरा वर्षं या पोरीने आमचे निरोप नेले. कोकमं, डबे, टोमणे, सगळं. एकदाही चिडली नाही. आणि तिचा स्वतःचा एक निरोप सरकारला पोचवायचा, तर आम्हा दोघांना तेवढंही जमत नव्हतं. मला माझी लाज वाटली. मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक चिरा उचलून दोन फूट माझ्या बाजूला ठेवला. पाचच चिरे होते, पण दम लागला.

"वहिनी," मी म्हटलं. सावनीला सांग, असं तोंडात आलं होतं, ते गिळलं. "वहिनी, गडगा तुम्ही म्हणता तिथे."

वहिनींनी थर्मासाचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बरं, भावोजी."

मांडवकरांनी चिऱ्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि लिहिलं: वाद नाही. मग खाली, सावकाश अक्षरात: घर प्रत्यक्ष पाहिले. सोनूबाईंनी अंगठा केला. बूट घालताना मांडवकर मला म्हणाले, "काका, घरी गेल्यावरही तसंच लावा हं. बघायला मी येणार नाही. माणूस नाही."

तिथेच तर त्यांनी मला अडकवलं. तपासायला कोणी येणार असतं तर मी पळवाट काढली असती. कोणीच येणार नाही म्हटल्यावर काय करणार? रामाला घेऊन दोन दिवस गडगा काढून दोन फूट माझ्या बाजूला रचत होतो.

पासपोर्ट आला. सावनी गेली. एसटी स्टँडवर आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो आणि गाडी सुटल्यावर दोन वेगवेगळ्या रिक्षांनी घरी आलो. सवय लगेच कुठे जाते? घर इतकं गप्प झालं, की मी उगाचच दोनदा रेडिओचे सेल बदलले.

परवा मांडवकर नाक्यावर भेटले. माझ्या पंपाची तक्रार आता त्यांच्याच पिशवीत आली होती. "जागा बघितली की पंचनामा करतो," ते म्हणाले. "कधी आणता?"

"काय?"

"विहीर."

ते थट्टा करत होते की नाही, अजून मला कळलेलं नाही. घरी आलो, विहिरीवर गेलो आणि रहाटावर घागर सोडली. डोक्यात तोच विचार. गडग्यापलीकडे वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. मी सवयीने सावनीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"वहिनी," मी म्हटलं, "विहीर नाक्यावर कशी न्यायची हो?"

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. हातातला तांब्या त्यांनी गडग्यावर ठेवला.

"आठ महिने रहाटाची करकर ऐकतेय मी," त्या म्हणाल्या. "रोज सावनीला म्हणायचे, काकांना सांग, आमच्या पंपाचा पाईप टाका गडग्यावरून. ती म्हणायची, आई, हे तूच सांग."