पाळण्याचा नियम

चैतराम गुरुजींना सगेसोयरे पुष्कळ होते, पण जीव रमायचा तो परक्यांत. भास्कराचार्य, गॅलिलिओ, न्यूटन. आमगावच्या त्यांच्या शाळेत ना दुर्बीण होती ना धड तराजू, तरी गुरुजी या मंडळींविषयी असे बोलत, जणू ती सकाळच्या गाडीनंच स्टेशनावर उतरली आहेत.

त्रेपन्न सालच्या एका रविवारी काही मुलं शिकवणीला घरी आली होती. धडा गॅलिलिओचा. त्यानं म्हणे देवळातला टांगता दिवा झुलताना पाहिला आणि स्वतःच्या नाडीवर मोजून ओळखलं, की झोका थोडा लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो. एवढ्या एका गोष्टीवर पुढे जगभर लंबकाची घड्याळं चालली. मुलांना ते पटेना. गुरुजींनी पाळण्यातली आठ महिन्यांची लेक शामकला उचलली, बायकोच्या, प्रेमिलाच्या, मांडीवर दिली आणि रिकामा पाळणा झुलवला.

आता दोरीला दगड बांधला असता तर काय बिघडत होतं? पण नाही. रिकामा पाळणा हलवला की लेकराला बाधतं, हे त्या घरात चुलीलाही ठाऊक होतं. प्रेमिला पोरीसकट उठली आणि तिनं पाळणा हातानं थांबवला. गुरुजी हसले. नाडी धरून बसलेली मुलंही हसली.

पोळ्याच्या सुमारास शामकलाला हगवण लागली. गुरुजींच्या आईनं, धुरपताबाईंनी, रीतीप्रमाणे पाणी बंद करायला सांगितलं. पाणी पोटात गेलं की जुलाब वाढतात, असं सगळेच मानत. पोर लोटीकडे हात करून रडायची आणि प्रेमिला तोंड फिरवून रडायची. ग्रहताऱ्यांचं गणित येणाऱ्या गुरुजींना त्यात काही वावगं दिसलं नाही. गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. डॉक्टरनं गुरुजींना एकट्याला बाजूला घेतलं. पोर पाण्यावाचून सुकली, पाणी पाजत राहिला असता तर वाचली असती, असं तो म्हणाला. संध्याकाळी शामकला गेली.

प्रेमिलानं अन्न टाकलं. कुणाशी बोलेना, विहिरीच्या काठावर बसून राही. एका दुपारी तिनं मनातलं विचारलं.

"अजी, म्या पाणी तोडलं, त्यानं तं नाई गेली ना माही पोरगी?"

गुरुजी कारणांचे भोक्ते. गॅलिलिओनं म्हातारपणी न्यायासनापुढे गुडघे टेकून आपलंच म्हणणं नाकारलं, यावरून ते वर्गात दरवर्षी त्या म्हाताऱ्यावर चिडत. पण खरं ऐकून ही बाई विहिरीत जीव देईल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"नाई," ते म्हणाले. "मी रिकामा पाळणा हालवला. त्यानं गेली."

प्रेमिला मोकळी होऊन रडली. तिनं त्यांना नको नको ते बोलून घेतलं, आणि रात्री घासभर भात खाल्ला. गुरुजी मान खाली घालून ऐकत राहिले. बायको वाचली, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. आपण स्वस्तात सुटलो, असंच त्यांना वाटलं.

छप्पन साली मुलगा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यालाही हगवण लागली. शाळेतून आल्यावर गुरुजींना कळलं, की सकाळपासून पाणी बंद आहे. लोटी भरून ते आत निघाले तर प्रेमिला दारात आडवी उभी. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते, आपण खोटं का बोललो ते. हात जोडले. विद्यार्थ्याला समजावतात तसं जुलाबानं अंगातलं पाणी कसं जातं ते समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पाण्यानं नाई गेली, पाळण्यानं गेली, हे तुमीच सांगतलं जी," ती म्हणाली. "आता काऊन बदलवून रायले? एक लेकरू तुमच्या या शिकवण्यानं गेलं. याले हात नोका लावू."

तिनं आतून कडी लावली. गुरुजी दार ठोठावत राहिले. आत पोर रडत होतं, आणि त्याचा आवाज बारीक होत चालला होता.